कोतवाल बुकातली सिद्धम्मा

श्री गुरुबसवलिंगाय नमः

मी, सिद्धम्मा भ्रतार वीरभद्र हुडगे, वय ७३, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मौजे चिंचोळी, ता. उदगीर, जि. लातूर, आज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून, चहासुद्धा न घेता हे लिहायला बसले आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. कुणी पढवलेलं नाही, कुणाचा धाक नाही.

१. गट नं. ११२ मधली तीन एकर जमीन माझ्या मालकांनी १९९१ साली माझ्या नावावर केली. ती संगमेश्वर आणि सुकन्या या माझ्या दोन्ही लेकरांनी निम्मी निम्मी घ्यावी. सुकन्या भोकरला दिली आहे, तिला येणं होत नाही म्हणून तिचा वाटा कुणी गिळू नये. पूर्वेच्या बांधावरच्या समाध्या वाटणीत धरू नयेत. त्यांवर नांगर जाऊ नये.

२. राहतं घर संगमेश्वरचं. शिलाई मशीन त्याच्या लेकीला, पुनमला. तिला शिवता येत नसलं तरी तिलाच. तांब्याचा मोठा हंडा धाकट्या जाऊबाईंनी १९८३ साली लग्नाला म्हणून नेला, तो परत आला नाही. मागायला जाऊ नये. मात्र माझ्या दिवसांना त्यांना पहिल्या पंगतीत बसवू नये.

३. बँकेतल्या ठेवीतून माझी क्रिया करावी. एक गोड पुरे. उरेल ते मठाला.

४. आता जे लिहिण्यासाठी हा कागद केला ते.

गेल्या वर्षी पुनमच्या जातीच्या दाखल्यासाठी घराण्याचे जुने कागद लागले. संगमेश्वर दोन महिने तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घालत होता. निजामाच्या काळचे उर्दू कागद वाचायला एक म्हातारे मास्तर गाठले. पणजोबा सापडले, त्यांचे भाऊ सापडले. मग एका दुपारी तो हसतच घरात आला. हातात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची, नक्कल होती.

“अव्वा, तू तर मेलेली हायस की गं! हे बघ. सिद्धम्मा भ्रतार वीरभद्र, मयत, डिसेंबर अडुसष्ट. कारण, बाळंतरोग.”

सून म्हणाली, “मग चुलीपुढं भाकरी कोण थापायलंय? भूत का काय?”

सगळे हसले. मीही हसले. चुकीची नोंद रद्द करावी म्हणून संगमेश्वरने अर्ज लिहिला आणि त्यावर मी सही केली.

नोंद चुकीची नाही.

५. संगमेश्वरा, हे तुला तोंडाने सांगणं मला छप्पन्न वर्षांत झालं नाही. त्या वहीतली सिद्धम्मा मालकांची पहिली बायको. तुला जन्म देऊन चौथ्या दिवशी गेली. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी वैशाखात या घरात आले, तेव्हा तू पाच महिन्यांचा होतास. माझं माहेरचं नाव शरणम्मा. लग्नात सुनेचं नाव बदलतात तसं माझंही बदललं. पण सासूबाईंनी नवीन ठेवलं नाही, तिचंच ठेवलं. म्हणाल्या, “घरात सिद्धम्मा म्हणून हाक चालू राहिली म्हंजे ती लेकरासाठी माघारी येत न्हाई. अन् पोराला बी सावत्रपण कळायचं न्हाई.”

तिच्या माहेरी एकटी आई होती, तीही वर्षभरात गेली. गावातल्या जाणत्यांनी तोंड बंद ठेवलं. ते आता कुणी राहिले नाहीत. बांधावरच्या तिच्या समाधीवर नाव घातलं नाही. पोरांनी विचारलं तर ‘जुन्या स्वामींची समाधी’ म्हणायचं ठरलं, तसंच म्हणत आले. दर अमावास्येला तू तिथे नारळ फोडतोस तो स्वामींना नाही.

६. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली हेळवी आला होता. आपल्या घराण्यांची वंशावळ राखणारा, बैलावर बसून गावोगाव फिरणारा. अंगणात वही उघडून त्याने विचारलं, “वीरभद्राच्या खाली सिद्धम्मा एक लिहू का दोन?” विचारलं सासूबाईंना, बघत होता माझ्याकडे.

सासूबाई म्हणाल्या, “एकच. एकच हाय.”

मी त्याच्या पोत्यात सुपाने जोंधळे घालत होते. चार सुपं ठरली होती, सहा घातली.

तेव्हापासून कुणी सिद्धम्मा म्हणून हाक मारली की मी लगेच ओ देत नाही. क्षणभर थांबते. आधी तिने द्यावी. तुम्ही म्हणायचात, अव्वाला कमी ऐकू येतं. मालक जाताना दोनदा म्हणाले, “सिद्धम्मा, पाणी.” पाणी मी पाजलं. मागितलं कुणाजवळ, ते मला आजही माहीत नाही.

७. वकील म्हणाले, “आजी, गप बसा. मृत्युपत्राशिवाय हे बाहेर आलं तर तुमच्या नावच्या जमिनीवर पोटच्या लेकीचा हक्क आधी, सावत्र लेक मागे.” म्हणून आधी वाटणी लिहिली, मग खरं लिहिलं. सुकन्येला गेल्या महिन्यात सांगितलं. खूप रडली. मग चिडून म्हणाली, “निम्मं म्हंजे निम्मंच. मी काय आता दादात सावत्र शोधायला बसू का?” तिची संमती तिच्या सहीसह जोडली आहे.

८. तहसीलमधला तो अर्ज मी मागे घेतला आहे. पोच जोडली आहे. हेळव्याचा नातू पुढच्या खेपेला येईल तेव्हा त्याला दोन ओळी लिहायला सांगाव्यात. तुझं नाव तिच्या ओळीखाली.

९. माझी समाधी तिच्या डाव्या अंगाला, हातभर अंतर सोडून करावी. तिच्या दगडावर सिद्धम्मा लिहावं, माझ्या दगडावर शरणम्मा. तिला ठेवलं तेव्हा तू चार दिवसांचा होतास. तिच्यावर लेकाच्या हातची माती पडली नाही. मला खड्ड्यात बसवल्यावर लोक घाई करतील. करू देत. तू पहिली मूठ तिला घाल, आणि मग माझ्याकडे ये.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, परत वाचलं, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : सिद्धम्मा वीरभद्र हुडगे, माहेरची शरणम्मा

साक्षीदार :
१) पंचाक्षरी शिवलिंग स्वामी, रा. चिंचोळी
२) नरसिंग मलप्पा तोंडारे, रा. उदगीर

ठिकाण : चिंचोळी
कार्तिक अमावास्या, दि. २० नोव्हेंबर २०२५