दिवेलागणीचा मिस कॉल

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवापुढे दिवा लावला आणि फोन वाजला. तेजूचा मिस कॉल. एकच. म्हणजे लेक सासरी सुखरूप आहे. उचलायचा नसतो. तिचं लग्न झाल्यापासूनचा, चार वर्षांचा नेम आमचा. एकदा आला की 'मी बरी आहे', लागोपाठ दोनदा आला की 'आई, तू लाव'. निमगावला तिच्या सासूबाईंना, सरूबाईंना, सुनेनं माहेरी बोललेलं खपत नाही. "आईला रोज काय गं सांगायचं असतंय एवढं?" शिवाय फुकट पैसे कशाला घालवा?

हल्ली मात्र रिंग पुरी वाजते. तेजू अर्ध्यातच तोडायची. कामात असेल!

दुधाच्या कॅलेंडरवर कुंकवाचं टिंब दिलं.

८ नोव्हेंबर, शनिवार, संकष्टी

शेजारच्या आमिनाभाभींची नात तहरीम आली होती. "आमच्या मिसनी शब्दकोश आणायला सांगितला." आमच्या वेळी नुसत्या बाई होत्या! तेजूचा जुना काढून दिला. म्हटलं, बघ तर मिस म्हणजे काय. तिनं बोट ठेवून वाचलं — कुमारी. चुकणे. नेम हुकणे. गाडी निघून जाणे. कुणावाचून करमेनासे होणे. अगं बाई, एवढ्याशा शब्दात केवढा संसार! मला दहावीला इंग्रजीत काठावर सोडलं, ते उगीच नाही.

हे ओट्यावरून म्हणाले, "माजी सकाळची नाशिक गाडी मिस झाली, ती कशात बसती बघ."

पहिल्या वर्षी तेजूनं मेसेज पाठवला होता, 'मिस यू आई'. मी उत्तर दिलं होतं, 'जेवत जा वेळेवर.' आज वाटलं, आणखी काही लिहायला हवं होतं.

चंद्र बघून उपास सोडला. तिच्या नावानं पाच दुर्वा जास्त वाहिल्या.

९ नोव्हेंबर

एक. टिंब.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज टिंब दिलं नाही. आधी हे लिहिते.

हे आळेफाट्याला गेले होते. तिथं निमगावचा रामनाथ भेटला. "काय पावणं, लेक माहेरपणाला आली म्हणं! बरी हाय ना?" ह्यांनी घरी येऊन चपलाही काढल्या नाहीत. "तेजू कुठंय?"

"तिच्या घरी. काल रिंग आली की!"

"अगं, तिथं न्हाई ती. आठ-दहा दिस झालं!"

दिवेलागणीला फोन वाजला. तेजूचं नाव. चार वर्षांत पहिल्यांदा उचलला. "तेजू?" पलीकडे नुसता श्वास. मग खोकला. सरूबाईंचा खोकला. तिकडून तोडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

निमगावला जाऊन आलो. सुदर्शनराव, आमचे जावई, मान वर करेनात. "थोडं बोललो व्हतो... हात उचलला एकदा. फोन ठिवून गेली. म्हटलं, येईल राग गेल्यावर." दोन तारखेच्या पहाटे गेली!

सरूबाई म्हणतात, "तुमाला घोर नको म्हणून दिली रिंग. तुमचं एक-दोनचं मला काय ठावं नव्हतं व्हय?"

दोन तारखेपासूनची नऊ टिंबं. नऊही त्यांची.

चौकीत हवालदार म्हणाले, "मिसिंगची नोंद करतो. पण लेक जाऊन अकरा दिवस झाले, आई म्हणून तुम्हाला कळलं नाही?" परतताना एसटीत हे एवढंच म्हणाले, "मिस कॉलवर लेक सांभाळली तू."

खरं आहे.

१३ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलेलं नाही. पानाला सांगते.

एक तारखेला दोन आले होते. लागोपाठ दोन, अर्धे अर्धे. माझा रिचार्ज आदल्या दिवशी संपलेला. इकडून लागत नव्हता. आमिनाभाभींचा फोन मागता आला असता. म्हटलं, सोमवारी आळेफाट्याला जायचंच आहे, तेव्हा मारू, दोन दिवस तेवढेच वाचतील. रविवारी एकच आला. जीव भांड्यात पडला!

दिवाळीला म्हणाली होती, "आई, राहू का गं मी इथंच?" मी म्हटलं, सण झाला की आपल्या घरी जावं.

त्या रात्री वाट बघितली असेल. आईनं लावला नाही, म्हणजे आईलाही नको, असंच धरून चालली असेल ती.

१५ नोव्हेंबर

हे माणसं घेऊन विहिरी बघतायत. एका विहिरीत नाही म्हटलं की देवाला हात जोडते. मग पुढची विहीर. उसात बिबट्या आहे म्हणून अंधाराआधी परततात. ती तर पहाटे निघाली. एकटी!

१९ नोव्हेंबर

फोन देवापुढे ठेवलाय. दिवा लागतो. फोन गप्प. आज गणपतीला नैवेद्य दाखवला नाही. दाखवावासा वाटला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवेलागणी. अनोळखी नंबर. अर्धी रिंग — तुटली.

परत. परत अर्धीच.

दोन!

रिचार्ज आहे. लावते.