अंघोळीच्या पाण्याचं मैदान

बुधवार, संध्याकाळ

बाबांच्या खो-खोच्या पोरींनो, आपलं मैदान जेसीबीनं फाडलं.

बाबांच्या शोकसभेतलं उद्याचं भाषण असं सुरू करू? दुष्काळात बाबा घरच्या अंघोळीचं पाणी बादल्यांनी नेऊन तिथं शिंपडायचे, पोरींचे गुडघे फुटू नयेत म्हणून. ते जाऊन महिना नाही झाला आणि बाबांनी रोवलेला खो-खोचा खांब ठेकेदारानं इमारतीसाठी उपटला. मी ठेकेदाराला कॉलर धरून मातीत आपटलं. नाक फुटलं त्याचं.

"लाकूडच हाय की ताई ते," तो रक्त पुसत म्हणाला.

पुन्हा हात उचलला, तर बाबांच्या जुन्या खेळाडूनं, रझियानं, मनगट धरलं. "सर रहते तो तेरेकू बाहर बिठाते."

बसवलंच असतं. पोटच्या पोरीलासुद्धा.

पण खांब मी परत रोवणार. भाषणाचा शेवट असा करीन: पोरींनो, उद्या सकाळी अंघोळीचं पाणी बादलीत धरा आणि मैदानावर घेऊन या.