सहा बहिणींचा फेर

फुलचूर, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५३

परममित्र यादोरावजी यांना सेवकरामाचा प्रेमाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? इथून जाताना चांदीच्या मुठीची काठी विसरलात, तरी तिच्यावाचून नागपूरभर हिंडता असे ऐकले; फार समाधान वाटले.

दिवाळीनंतरची आपली मंडईची जत्रा पार पडली आणि बकाराम शाहिराचा डफ अजून त्याच्याच घरी आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्यासारखा तुमचाही जीव भांड्यात पडेल. आपला रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे: सवाल-जबाबात हरेल त्याने डफ समोरच्याच्या हवाली करायचा. यंदा गाठ कुडव्याच्या चुन्नीलाल शाहिराशी. बकाराम माझ्याकडे सवाल मागायला आला आणि मला आपली शाळा आठवली (खिडकीतली बोर, तुमचे वाहते नाक), अन् मास्तरांनी फळ्यावर लिहिलेली ती संख्या, १४२८५७! दुप्पट केली की २८५७१४, तिप्पट ४२८५७१. अंक तेच, क्रम तोच, फक्त पुढे कोण ते बदलते. जणू फेर धरलेल्या पोरीच. मी तिथेच रचले:

सहा बहिणी फेर धरिती, सोडिती ना हात,
कितीही पट करा त्यांची, त्याच राहती गात.

(खरे म्हणजे सहापटीपर्यंतच. पण ‘सहापटीपर्यंतच’ हा शब्द त्या चालीत कुठे कोंबू?)

या बहिणी कोण, हे चुन्नीलालला सांगता येईना. बकारामने ऐटीत संख्या सांगितली. तशी त्या गृहस्थाने पाटी मागवली आणि सातपट केली. उत्तर आले ९९९९९९! एकही ओळखीचा चेहरा नाही. “बहिनी कुठी गेल्या जी? सासरी?” म्हणत त्याने डफावर हात टाकला. मंडई खो खो हसली. बकाराम माझ्याकडे वळला, “गुरुजी, मले काऊन फसवून राहिले?” मी आभाळाकडे पाहत होतो.

पण शाहीर तो शाहीर! त्याने डफ ओढून घेतला, थाप मारली अन् गायला लागला, की सातव्या पायरीवर भेदच मिटतो, साऱ्या एकरूप होतात. म्हातारे माना डोलवू लागले. चुन्नीलाल तिथेच थांबता तर आम्ही कसेबसे बरोबरीत सुटलो असतो. पण हाव वाईट. त्याने आठपट केली: ११४२८५६. सहाच्या सात झाल्या, म्हणून नाचू लागला. आणि यादोरावजी, मला एकदम दिसले! धावत गेलो, धोतराच्या सोग्याने पुढचा एक पुसला, तो शेवटच्या सहात मिळवला, सात झाले. पुन्हा १४२८५७! “आल्या माहेरी!” मी ओरडलो. चुन्नीलालने हसत आपला फेटा बकारामच्या डोक्यावर ठेवला. भला माणूस आहे.

तुमचा बालमित्र,
सेवकराम

ता. क. आनंदाच्या भरात, पुढच्या मंडईला याहून मोठी, अशीच फेर धरणारी संख्या आणीन, असे चारचौघांत बोलून बसलो आहे. तुमचे गणित माझ्याहून बरे, शोधून पाठवा. दहाच अंकी हवी. कवन तयार आहे, आणि बारा बहिणी चालीत मावत नाहीत.

आणखी ता. क. बकाराम आता डफ पणाला लावायला तयार नाही. म्हणून तुमची काठी लावली आहे.