कॉफीचं उसनं

आई, परवा वर्गात तुझी कॉफी शिकवली. छोट्या देशांच्या अर्थखात्यातले अधिकारी आमच्याकडे प्रशिक्षणाला येतात. सरकारनं कर्ज डॉलरमध्ये काढावं, की आपल्याच लोकांना आपल्या चलनातले रोखे विकून उभारावं, हा विषय. मी आलेख काढत होते आणि पहिल्याच रांगेतले एक साहेब बिनघोर झोपले होते. मग खडू ठेवला आणि सरळ नागपूरकडच्या तळेगावच्या आपल्या स्वयंपाकघरात शिरले.

ताईला बघायला पाहुणे येणार होते. ते कॉफी पितात असं कळलं आणि तुझा जीव खालीवर व्हायला लागला. साखर, बेसन, गूळ तू गल्लीत बिनधास्त उसनं मागायचीस, फेड आपल्याच डब्यातून व्हायची. कॉफी मात्र फक्त सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे. वाटीभर आणलीस. पाहुणे दोन-दोन कप प्यायले आणि नकार कळवून मोकळे झाले. त्यातच डॉक्टरीणबाईंची बदली निघाली. बाबा कॉफीसाठी नागपूरला गेले आणि धुमसतच परतले. "भाव आयकला का? साखर देऊन टाक त्याईले!" तू म्हणालीस, "कॉफी घेतली तं कॉफीच द्या लागते. इज्जत रायते का आपली?" आणि मला दम भरलास, "जे आपल्या डब्यात नाई, ते उसनं मांगू नोको."

कॉफी म्हणजे डॉलर, हे कळून झोपलेले साहेब एव्हाना टक्क जागे. म्हणाले, "सगळ्या गल्लीतली साखर एकदम संपली तर?" प्रश्न खरा होता. पोळ्याला गूळ कोणाकडेच जास्तीचा नसायचा. पण आधीचा फेडायचा राहिला असला, तरी शेजारची काकू म्हणायची, "सण होऊ दे, मंग देजो." बदली झालेल्या बाईंना असं थांबता येत नव्हतं. साहेबांनी हे लिहून घेतलं. आता कुठल्यातरी देशाच्या टिपणात काकू जाणार, मला हसू आवरेना.

तू गेलीस तेव्हा फडताळात काकूची वाटी राहिली होती, तिचं नाव कोरलेली. रिकामी कशी द्यायची, म्हणून मी ती इकडे आणली. काकू अजून फोन करते. "जेवली का? अन् माही वाटी कधी आणतं वं?" मी म्हणते, विसरले.

विसरत नाही गं. दरवेळी गूळ भरून वाटी पिशवीत ठेवते आणि तळेगावला निघताना काढून घेते. ती दिली, तर काकू फोन कशाला करेल? तुझ्यामागे मला जेवलीस का विचारणारं तेवढंच एक माणूस उरलंय.