डॉक्टर घरी येतो

ब्रह्मपुरी, शुक्रवार, ९ डिसेंबर १९५५

लंडनहून मुलाचं पत्र आलं. पगारातला मोठा हिस्सा सरकार करापायी कापून घेतं, पण ताप आला की डॉक्टर फुकट घरी येतो, असं लिहितो. माझ्या मास्तरकीच्या पगारावर कर कधी बसलाच नाही. आणि गेल्या आठवड्यात चार दिवस तापानं फणफणलो, तेव्हा आलं कोण? तळ्यावर मासे धरणारी शेजारीण धुरपताबाई, पेज घेऊन.

आज तिला पत्र वाचून दाखवलं, जरा तोऱ्यातच.

"डाग्दर घरी येते?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मंग गुरुजी, पोरगा वापस कायले येईन?"

उत्तर लिहिलं. तापाचं कळवलं नाही. कधी येतोस, हे विचारायचंही राहिलं. राहिलं, की मीच टाळलं?