ऑरिनच्या नाकावर टिच्चून

४ मे, रविवार
आजपासून रोजनिशी. माणसाने सूड कसा घेतला याची कुठेतरी नोंद हवी.

संकल्प: ऑगस्टमधल्या काउंटीच्या जत्रेत लाकूडकामाची निळी फीत मिळवायची. म्हणजे पहिला नंबर. ऑरिनच्या नाकावर टिच्चून.

ऑरिन म्हणजे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, मार्लिसचा, थोरला भाऊ. गेल्या वर्षी मी जत्रेत हत्यारांची पेटी ठेवली होती. हा तिच्यासमोर उभा राहून, तळलेलं चीज खात खात, एक वाक्य बोलला. सगळा हॉल हसला. पलीकडच्या शेडमधली डुकरंसुद्धा हसली असतील. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. कागदाची इज्जत जाईल.

तेव्हापासून रविवारच्या जेवणाला त्याला आमच्या घरी बंदी आहे. त्याची खुर्ची मी स्वतः तळघरात नेऊन ठेवली. मार्लिस विचारते, हे किती दिवस चालणार. मी म्हटलं, तो माफी मागेपर्यंत.

१० मे
वस्तू ठरली. गॅरेजच्या भिंतीवर लावायचा ऑर्गनायझर. खण, खाचा, स्क्रूंसाठी छोटे ड्रॉवर. त्यावर कोरायचं: 'प्रत्येक वस्तू आपल्या जागी.'

गावच्या लायब्ररीत लाकूड कापायचं लेझर मशीन आलंय. कार्ड असलं की कोणालाही वापरता येतं. ऑरिनही दरवर्षी जत्रेत वस्तू ठेवतो, पण अजून हाताने करवत चालवतो. बस म्हणावं घासत. मी बटण दाबणार.

२४ मे
लायब्ररीतली डीॲन ही मुलगी चांगली आहे, पण घाबरट. म्हणते, आधी एक छोटा तुकडा कापून बघा. लेझरचा किरण जाता जाता थोडं लाकूड खातो आणि तीन मिलिमीटरचं प्लायवूड कधी नीट तीन मिलिमीटर नसतं. मी म्हटलं, बाई, मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. आधी रिकामी नेऊन बघू आणि मग पोरं भरू, असं एकदाही केलं नाही.

सगळं एका दमात कापून घेतलं. अक्षरं काय सुरेख आली आहेत! लायब्ररीभर जळक्या लाकडाचा वास सुटला होता. मला तो ऑरिन जळत असल्याचा वास वाटला.

२५ मे
तुकडे जोडून पाहिले. फळ्यांच्या कडेचे दाते एकमेकांत अगदी सहज जातात. जातात आणि तितक्याच सहज बाहेर येतात. पण ग्लू कशासाठी असतो? फटी भरायलाच ना?

७ जून
मार्लिसने आज तह घडवला. म्हणजे तिने अटी सांगितल्या आणि मी ऐकल्या. जत्रेनंतरच्या दुसऱ्या रविवारी तिचा भाऊ तिच्या टेबलावर जेवणार, काय वाट्टेल ते होवो. कोणी कोणाची माफी मागायची ते आम्ही फितीवर ठरवायचं. ज्याची फीत खालची, त्याने मागायची.

हसत हसत मान्य केलं. ऑरिनच्या माफीचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. उभं राहून, टोपी काढून, 'जाहीरपणे' हा शब्द दोनदा.

५ जुलै
एक क्षुल्लक अडचण. ग्लू लावल्यावर तुकडे क्लॅम्पमध्ये, म्हणजे पिळून आवळायच्या शिकंज्यात, धरून ठेवावे लागतात. मला पुष्कळ क्लॅम्प हवेत. माझ्याकडे दोन आहेत आणि त्यातल्या एकाने टपालपेटी खांबाला धरून ठेवली आहे.

विकत घेणार होतो. मार्लिस न विचारता गेली आणि ऑरिनचे क्लॅम्प क्रेट भरून घेऊन आली. मी रागावलो. मग विचार केला, शत्रूच्याच शस्त्राने शत्रूला मारण्यात जास्त मजा आहे. प्रत्येक क्लॅम्पवर त्याच्या नावाची पट्टी चिकटवलेली. सगळी नावं भिंतीकडे फिरवली.

क्रेटबरोबर निरोपही आला. खाली मेणकागद अंथर आणि फार आवळू नकोस. ग्लूचा थेंब बाहेर दिसला की थांब. नाहीतर ग्लू सगळा बाहेर येतो आणि आत चिकटायला काही राहत नाही.

वा रे वा. ज्याला मी हरावं असं वाटतं, तो मला युक्त्या शिकवणार! आम्ही काय दुधखुळे आहोत? मार्लिसला म्हटलं, निरोप पोचला. आता नेमकं उलट करणार.

१२ जुलै
केलं.

गॅरेजमध्ये जागा नव्हती. गॅरेज नीट लावण्यासाठी आणलेल्या सामानाने ते भरलंय. म्हणून जेवणाच्या टेबलावर केलं. मेणकागद नाही. क्लॅम्प कचकचून आवळले. प्रत्येक पिळाला मोठ्याने ऑरिनचं नाव घेतलं. लाकूड करकरलं. शेवटी दोन्ही हात लावून आणि पाय टेबलाच्या पायाला देऊन आवळले. ग्लू चारी बाजूंनी भळाभळा बाहेर आला. भरपूर लावला होता याचा हा पुरावाच.

मनाला इतकं बरं वर्षभरात वाटलं नव्हतं.

१३ जुलै, रविवार
ऑर्गनायझर तयार. फक्त टेबलापासून सुटत नव्हता. दुपारपर्यंत पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढला. टेबलाचं थोडं पॉलिश त्याच्याबरोबर आलं. थोडं म्हणजे ताटाएवढं. मार्लिसने त्यावर टेबलक्लॉथ घातला आणि काही बोलली नाही. हे लक्षण बरं नाही. पण निळी फीत आली की खुलेल.

आम्ही सिंकपाशी उभे राहून जेवलो.

६ ऑगस्ट, बुधवार
जत्रेत वस्तू नोंदवून आलो. आमच्या विभागात माझ्या वस्तूशेजारी एकही वस्तू नाही. दोनदा फिरून पाहिलं. मग नोंदणीच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, या वर्षी ऑरिनने काही दिलंच नाही आणि तो देत नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही उत्साह दाखवला नाही.

पळाला! शेपूट घालून पळाला! माझ्या लेझरची बातमी लागली असणार. एकटाच उभा असणाऱ्याला कोण हरवणार? घरी येताना एक फूटभर मोठा केक घेतला. मार्लिसने केक पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, देव करो.

७ ऑगस्ट, गुरुवार
लिहिण्याची इच्छा नाही. तरी लिहितो.

परीक्षक मिसेस लुंडीन. सर्वांसमोर बघतात आणि बघता बघता बोलतात. मी हुशारी करून सगळे ड्रॉवर स्क्रू आणि खिळ्यांनी भरून ठेवले होते, वापर दिसावा म्हणून. त्यांनी पहिला ड्रॉवर ओढला. पुढची फळी त्यांच्या हातात आली. ड्रॉवर आतच राहिला. त्यांनी दुसरा ओढला. तोही तसाच. मग 'बघू' म्हणून त्यांनी अख्खा ऑर्गनायझर उचलला, आणि तळ खालीच राहिला. स्क्रू गोधड्यांच्या टेबलाखाली गेले. एक खिळा लोणच्याच्या विभागात सापडला. लोक गुडघ्यांवर बसून वेचत होते. सगळे फार सभ्यपणे वागले. मला ते अजिबात आवडलं नाही.

आमच्या काउंटीत फीत कामाचा दर्जा पाहून देतात. एकटे असलात म्हणून निळी मिळत नाही. मला पांढरी मिळाली. एकटाच धावलो आणि तिसरा आलो. चिठ्ठीवर लिहिलंय, 'अक्षरं सुबक.' ती मशीनने काढली होती.

९ ऑगस्ट
विचारांती पराभव झालेला नाही. तह नीट वाचावा. ज्याची फीत खालची त्याने माफी मागायची. माझ्याकडे पांढरी आहे. ऑरिनकडे काहीच नाही. काहीच नाही हे पांढऱ्याच्या खाली येतं. म्हणून माफी ऑरिननेच मागायची. मार्लिसला हे मुद्देसूद समजावलं.

ती भांडी घासत होती. नळ बंद केला. म्हणाली, "त्याचं कपाट तयार होतं, हार्लन. मीच म्हटलं, या वर्षी ठेवू नकोस. एकदा ह्याला जिंकू दे, म्हणजे मला माझा भाऊ परत मिळेल."

म्हणजे मला वाट मोकळी करून दिली होती. आणि मोकळ्या वाटेवर मी पडलो. हे ऑरिनला माहीत. हे मला त्या वाक्यापेक्षा जास्त झोंबलं. तरीही म्हटलं, तह तो तह. तिने हात पुसले आणि भावाला फोन लावायला आत गेली.

१७ ऑगस्ट, रविवार
ऑरिन आला. खुर्ची मार्लिसनेच वर आणली. तो बसला नाही. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "हार्लन, माझं चुकलं. चारचौघांत मी तसं बोलायला नको होतं."

मसुद्याशिवाय. मला फारच घाईत उरकल्यासारखं वाटलं. वर्षभर मी या घटकेची वाट बघत होतो आणि ती बटाटे गार व्हायच्या आत संपली. ठीक आहे म्हणालो.

मग तो बसला, रुमाल मांडीवर पसरला आणि जरा ओशाळून म्हणाला, "फक्त एक सांग. मी म्हणालो काय होतो?"

मला वाटलं सोंग करतोय. त्याचा चेहरा नीट न्याहाळला. सोंग नव्हतं. मार्लिसकडे पाहिलं, तर ती म्हणाली, मलाही कधी कळलं नाही, तू सांगितलंसच कुठे. हॉलमध्ये किती माणसं हसली होती, आणि बहुतेक सगळी घरी जाऊन विसरली. साऱ्या काउंटीत ते वाक्य मी एकट्यानेच सांभाळून ठेवलं होतं.

दोघं थांबले होते. सांगणं भाग होतं.

"तू म्हणालास," मी म्हणालो, "हार्लनच्या पेटीत काहीही ठेवा, सापडणार म्हणजे सापडणार. जमिनीवर."

मार्लिसने रुमाल तोंडावर धरला. ऑरिन ताटात बघत होता, कारण नुकतीच माफी मागितलेल्या माणसाला हसता येत नाही. त्याचे कान लाल झाले होते. खांदे हलत होते. मिसेस लुंडीन हातात नुसती फळी धरून उभ्या आहेत, ते मला आत्ता दिसल्यासारखं दिसलं.

मीच आधी हसलो असं मार्लिस म्हणते. हे मला मान्य नाही.