ओली मोटर

ओतूर,
ता. २ सप्टेंबर २०२५

चि. रुबिना हिस अब्बाच्या अनेक दुआ.

अम्मीचे गुडघे होते तसेच आहेत, आणि तुझ्या सासरचं क्षेम तिने फोनवर विचारलंच आहे. हे मात्र फोनवर विचारलं असतं तर माझा आवाज ऐकून तू उत्तर मवाळ केलं असतंस. घोडेगावात तू पोरांना विजेची गणितं शिकवतेस, त्यातलंच एक घालतो. त्यांच्या वहीवर चालवतेस तो लाल पेन माझ्यावरही चालव.

तुझ्या लग्नात घोंगडी घेऊन आलेला राघू गेल्या महिन्यात गेला, हे तुला माहीत आहे. मेंढरांना पाणी काढायला विहिरीवर गेला, पावसात भिजलेल्या मोटरीवर हात टेकला आणि तिथेच संपला. गावाचं म्हणणं, ओला हात लावला, चूक त्याची. वायरमनही तेच म्हणाला. पण त्या मोटरीची जळालेली तार काढून वैशाखात नवी मीच भरली होती. तारेवरचं वार्निश सुकायला दोन दिवस लागतात, कच्चं राहिलं तर ओल आत शिरते; मी एका दिवसात दिली. मेंढरं तहानली म्हणून तो दुकानाच्या पायरीवर बसून होता आणि मला त्याची दया आली. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

काल त्याच्या बायकोचा, तानूबाईचा भाऊ गेणभाऊ तीच मोटर तपासायला टाकून गेला. वाइंडिंगला दोनशे तीस व्होल्ट देऊन बॉडीतून निघणारा करंट मी मोजला. ०.४६ मिलिअँपिअर आला. एवढ्याने माणूस मरतो का, तेवढं लिही.

दुआ आहेच, ती कधी आटायची नाही.
अब्बा


घोडेगाव,
ता. ६ सप्टेंबर

ती. अब्बांस रुबिनाचा सलाम, वि. वि.

तुमचं अक्षर अजून तारेच्या भेंडोळ्यासारखंच आहे, पण आकडे स्वच्छ होते.

व्होल्टला करंटने भागलं की अडथळा मिळतो, आम्ही रेझिस्टन्स म्हणतो तो. दोनशे तीस भागिले ०.०००४६, म्हणजे पाच लाख ओहम. ओल्या माणसाच्या अंगाचा अडथळा साधारण हजार ओहम धरतात. तेव्हा राघूकाकांच्या अंगातून अर्धा मिलिअँपिअरही गेला नसता, मुंग्याही आल्या नसत्या. व्होल्ट गुणिले करंट, ती पॉवर, तीही वॅटचा जेमतेम दहावा भाग. या गणिताने तुम्ही निर्दोष आहात.

इथेच सही करावी असं फार वाटलं. दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. पण अब्बा, दुकानात आलेली मोटर तुम्ही आधी उघडून बल्बखाली वाळवता आणि मग मीटर लावता, हे मी लहानपणापासून पाहत आले. ही पण वाळवली असणार. मग तुम्ही मोजली ती राघूकाकांनी हात लावलेली मोटर नव्हे. ती ओली होती.

तिच्यावर दिवसभर ओलं पोतं टाका आणि मग मोजा. पायात रबरी चप्पल घाला, अम्मीला मेन स्विचपाशी उभी करा. विहिरीवर अर्थिंग नव्हतं हेही खरं आहे, पण त्याच्या आड मी तुम्हाला लपवणार नाही.

सांगितलंत तसं लिहिलं, म्हणून माया पातळ करू नका.
आपली,
रुबिना


ओतूर,
ता. ११ सप्टेंबर

चि. रुबिना हिस दुआ.

वाळवली होती. तीस वर्षांची सवय, हात आपोआप बल्बकडे जातो.

पोतं टाकलं. व्होल्ट तेच, करंट एकशे पंधरा मिलिअँपिअर. भागाकार मीच केला, दोनदा. दोन हजार ओहम. त्यात राघूचे हजार मिळवून पुन्हा भागलं तर पाऊणशे मिलिअँपिअरच्या वर जातं. तीसच्या पुढे काळीज थांबू शकतं, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. पॉवर निघाली सव्वीस वॅट. एवढी आच खाऊन तारांखालचा खाचेतला कागद तपकिरी झालाय, नखाने निघतो.

अम्मी स्विचपाशीच होती. तिला आकडा कळला नाही, माझा चेहरा कळला. तिचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणी बोट दाखवलं नाही तर तुम्हीच का दाखवता, आपल्याला याच पेठेत राहायचंय. तिचं खोटं नाही. मला भीती वाटते, पोरी.

उद्या जुम्म्याची नमाज झाली की तानूबाईकडे जाणार आहे. तोवर काही लिहू नकोस. तू थांबा म्हणालीस तर मी थांबेन.

माझ्यासाठी दुआला हात उचल.
अब्बा


ओतूर,
ता. १६ सप्टेंबर

चि. रुबिना हिस दुआ.

गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. गेणभाऊ अंगावर धावून आला, तानूबाईने त्याला हाताला धरून खाली बसवलं. ती शिव्या देईल, हाकलून देईल, अशी तयारी करून गेलो होतो. तिने एवढंच विचारलं की त्या दिवसांत अशा घाईनं आनखी कुनाकुनाला मोटरी दिल्या व्हत्या. इतके दिवस मी एकाच मोटरीचा विचार करत होतो. आठवून सांगितल्या, आणखी चार.

तिने चप्पल पायात घातली. म्हणाली की तुमी एकले गेलात तर कुनी मोटर बंद करायचं न्हाई, मला बघून करतील. चारही विहिरींवर पावसात तिच्यासोबत फिरलो. मी सांगत होतो, ती नुसती उभी राहत होती. संध्याकाळच्या आत चारही मोटरी दुकानात आल्या.

वाळवल्या नाहीत, तशाच मोजल्या. तीन चांगल्या निघाल्या. चौथीचा करंट नव्वदच्या पुढे गेला. ती दादाभाऊच्या विहिरीवरची, त्याची मुलगी सृष्टी शाळेतून आली की त्या मोटरीपाशी हातपाय धुते.

बातमी फुटली. दोन गिऱ्हाइकांनी काम आळेफाट्याला नेलं. अम्मी माझ्याशी बोलत नाही, पण जेवण वाढते. तानूबाईने माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. दादाभाऊच्या मोटरीचा आकडा सांगायला मात्र काल तिच्याकडे गेलो. सृष्टीचं नाव ऐकलं आणि राघू गेल्यापासून पहिल्यांदा, असं गेणभाऊ म्हणाला, ती मोठ्याने रडली.

सवड काढून ये. तुझी वाट पाहणारा,
अब्बा